पेडल दाबलं की

“पुढचा सूर बारीक आहे, मधला लांबतो, पण शेवट पडतो,” कुस्तिना म्हणाली आणि तिच्या नवऱ्याच्या, सार्वोकोच्या ओठांपर्यंत आलेला चहाचा ग्लास तिथेच थांबला. ती व्हॅनच्या आवाजाबद्दल बोलत होती. पराकानच्या बाजाराची सकाळची प्रवाशांची शेवटची फेरी आटोपून तिने व्हॅन दारासमोरच्या पत्र्याखाली आणून लावली होती, चपला काढून ओट्यावर बसली होती, सोयाबीनच्या तेंपेची भजी त्याच्यापुढे सरकवली होती आणि आज मिरच्या महाग होत्या असं सांगावं इतक्या सहज तिने हे सांगितलं. गेले आठ दिवस गाडी उभी असली, इंजिन चालू असलं आणि गिअर न्यूट्रलला असला की खालून आवाज येतो. येणारच. बत्तीस वर्षं घाट चढून उतरून झालेली गाडी ती. पण पुढचा सूर, मधला सूर, शेवट? गाडीबद्दल असं कुणी बोलत नाही. असं होल्यांबद्दल, त्या कबुतराच्या जातीच्या घुमणाऱ्या पक्ष्यांबद्दल बोलतात. रविवारी मैदानात उंच खांबांवर होल्यांचे पिंजरे चढवतात आणि खाली परीक्षक माना वर करून फिरत असतात, ते असं बोलतात. कुठल्या पक्ष्याचा पुढचा सूर कसा, मधला किती लांबला, शेवट ठाम बसला की पडला, यावर त्या पिंजऱ्याला निशाण मिळतं. सार्वोकोच्या घरात कधी होला नव्हता. कुस्तिनाला पक्ष्यांचं वेडही नव्हतं. आजवर ती गाडीचा आवाज सांगायची तो आपल्या पद्धतीने, तोंडाने काढून दाखवून. घसा खरवडून घर्रर्र, नाहीतर जीभ टाळूला लावून टकटकटक, आणि वर म्हणायची, कुणीतरी आत बसून नारळ खवतंय बघा. ते तिचं होतं. हे तिचं नव्हतं.

कुणी सांगितलं, असं त्याने विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, भजी उचलता उचलता. “मास लेगी म्हणाले,” ती म्हणाली. “पुढच्या सीटवर बसतात ना ते.” सार्वोकोने भजी तोंडात टाकली. तिला चव नव्हती. लेगिमान हा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, चार वर्षांपूर्वी बायको गेलेली, इस्त्रीचा बाटिक शर्ट घालणारा, आणि आसपासच्या तीन तालुक्यांतला होल्यांचा नावाजलेला परीक्षक. आठवड्यातून तीनदा तो पक्ष्यांचा दाणा आणायला म्हणून पराकानला जातो. आठवड्यातून तीनदा दाणा लागणारा पक्षी आहे की म्हैस, असा प्रश्न सार्वोकोला या क्षणापर्यंत पडला नव्हता. आता पडला. आणि मास? मास तर सगळ्यांनाच म्हणतात, रिक्षावाल्याला, दुकानदाराला, दादा म्हणावं तसं. नवऱ्यालाही बायका मासच म्हणतात. कुस्तिनाही म्हणायची, पहिली मुलगी होईपर्यंत. मग रीतीप्रमाणे तो पाक झाला, मुलांचा बाप, आणि तीस वर्षं पाकच राहिला. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं, वाटलंही नव्हतं. पण तो मास शब्द घराबाहेर गेला होता आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला होता, हे आज दुपारी एक वाजता त्याला पहिल्यांदा दिसलं आणि नाकाला मिरच्या झोंबल्या.

“आणि एक गंमत,” ती बोटं पुसत म्हणाली, “क्लचचं पेडल दाबलं की आवाज जातो. सोडलं की येतो. मास लेगींनीच दाबायला सांगितलं. म्हणाले, पाय खाली गेला की पक्षी गप्प होतो, बघा.” तिला हसू आलं. सार्वोको हसला नाही. कारागीर म्हणून त्याला एका क्षणात कळलं होतं की निदान पुरं झालं. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर दोष क्लचच्या बेअरिंगचा. दाबल्यावर आवाज बंद होत असेल तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा, कारण पेडल दाबलं की त्या बेअरिंगमधला दांडा फिरायचा थांबतो. हे त्याने शेकडो गाड्यांवर पाहिलं होतं. त्यात ऐकण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. म्हणजे त्याच्या गाडीतला दोष, त्याच्या बायकोच्या पायाने, दुसऱ्याच माणसाने शोधून ठेवला होता. आणि तोही ज्याला पान्याचं डोकं कुठलं नि शेपूट कुठलं हे ठाऊक नाही अशा माणसाने. पराकानच्या थांब्यावर गाडी भरेपर्यंत वीस मिनिटं उभं राहावं लागतं. तंबाखूच्या बायका चटयांची बोचकी घेऊन एकेक करत येतात. त्या वीस मिनिटांत इंजिन चालू, आणि पुढे ही दोघं, एकाच आवाजाकडे कान लावून. तो म्हणतो, दाबा. ही दाबते. तो म्हणतो, सोडा. ही सोडते. सार्वोकोच्या डोळ्यांपुढे ते चित्र इतकं नीट उभं राहिलं की त्यात लेगिमानच्या शर्टाच्या बाहीवरची इस्त्रीची घडीसुद्धा होती.

दाब. सोड. या दोन शब्दांवर त्याचं लग्न झालं होतं, असं म्हटलं तर त्यात फारसं खोटं नाही. गाडी तेव्हा नवी होती, कुस्तिनाच्या वडिलांची. पत्रा अजून चकाकत होता आणि मागच्या सीटांवरचं प्लास्टिक म्हाताऱ्याने काढू दिलं नव्हतं. क्लच नीट सुटत नव्हता म्हणून त्यांनी गाडी आणली आणि ते नमाजाला गेले, मुलीला पेडलवर बसवून. सार्वोको पंचवीस वर्षांचा, गाडीखाली पुठ्ठ्यावर उताणा. तिथून त्याला त्या मुलीचं बाकी काही दिसत नव्हतं, उघड्या दारातून फक्त एक पाय दिसायचा, तोही तिने तो खाली सोडला की. रबरी चपलेतला, टाचेला शेताची वाळलेली माती असलेला. दाबा, तो म्हणाला. सोडा. दाबा. दोष पहिल्या पाच मिनिटांत सापडला होता, केबल ताणली गेली होती, एक नट फिरवला की काम संपत होतं. त्याने तो नट फिरवलाच नाही. एक तासभर तो तिला दाबा, सोडा म्हणत राहिला आणि ती वरून प्रत्येक वेळी म्हणत राहिली, दाबलं. सोडलं. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर तिच्या आवाजात हसू यायला लागलं. पुढे लग्न ठरलं, म्हातारा गेला, गाडी हिच्याकडे आली आणि ही चालवायला लागली, गावातली पहिली बाई. पण तेव्हाचा तो तासभर दोष सापडलेलाच होता हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. आज त्याला वाटलं, लेगिमानलाही पहिल्या पाच मिनिटांत सगळं कळलं असेल. आणि तरी तो तिला दाबा, सोडा म्हणत राहिला असेल. माणूस आपल्याच खोड्या दुसऱ्याच्या नावावर फार लवकर मांडतो, पण ते समजायला पोटातली आग आधी विझावी लागते.

तो उठला. गाडी पाहतो म्हणाला. कुस्तिना म्हणाली, जेवून घ्या आधी. त्याने ऐकलं नाही असं दाखवलं. त्याला ते खरं तर स्वच्छ ऐकू आलं होतं. तिचा आवाज खर्जातला, रुंद, तो कुठूनही ऐकू यायचा. न ऐकू येणारं वेगळंच होतं, आणि ते त्याने दोन वर्षं जिवापाड लपवलं होतं. आधी रातकिडे गेले. एका पावसाळ्यात त्याच्या लक्षात आलं की भातखाचरं गप्प आहेत. मग किटलीची शिट्टी. मग मशिदीच्या माइकची ती कर्कश किंकाळी, जिला अख्खं गाव शिव्या देतं. सगळे बारीक, उंच आवाज एकेक करून त्याच्यापासून निघून गेले आणि जाड आवाज तेवढे राहिले. ज्याचं पोट कानावर आहे त्याने हे कुणाला सांगावं? त्याने एक युक्ती काढली. गिऱ्हाईक आलं की तो हात पुसत म्हणायचा, आवाज काढून दाखवा. माणसं आनंदाने दाखवायची. ओठ पुढे काढून, गाल फुगवून, मान हलवून. तो त्यांच्या तोंडाकडे बघायचा, दोन-तीन प्रश्न विचारायचा, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सच्या खोक्याला टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावायचा, म्हणजे जिवाचे कान करून ऐकतोय असं दिसावं. आणि निदान बरोबर यायचं. दोन वर्षं तो लोकांच्या नकलांवर जगला होता. त्यात सगळ्यांत खरी नक्कल कुस्तिनाची. इतर कुणाचं त्याला ताडून पाहावं लागायचं, हिचं नाही. त्याचे कान असे तिच्या घशात ठेवलेले होते, आणि आज तिच्या घशातून लेगिमान बोलला होता.

तिला पेडलवर बसवून तो पुठ्ठ्यावर आडवा झाला आणि खाली सरकला. इंजिन सुरू झालं. त्याने स्क्रूड्रायव्हर लावला. हाडातून इंजिनाची धडधड आली, जाड, ओळखीची, आणि तिच्यावर काहीच नव्हतं. जिथे तो आवाज असायला हवा होता तिथे भातखाचरासारखीच गप्प जागा होती. “आता आहे,” वरून कुस्तिना म्हणाली. मग पेडल खाली गेलं. “आता गेला.” त्याने डोळे मिटले. तो काही म्हणालाच नव्हता. दाब म्हणाला नव्हता, सोड म्हणाला नव्हता. ती आपणहून करत होती आणि आपणहून सांगत होती, पाठ झालेलं काम केल्यासारखं. कुणी पाठ करून घेतलं हेही उघड होतं. तो खालून ओरडला, इतक्या घाईने दाबू नकोस, मी सांगेन तेव्हा. मग त्याने सांगितलं, दाब. ती म्हणाली, गेला. सोड. आला. चार वेळा. आणि मग तो बाहेर सरकला, अंगावरची धूळ झटकली आणि शांतपणे म्हणाला की क्लचचं बेअरिंग गेलंय.

ती गाडीतून उतरता उतरता थांबली. पण दाबल्यावर तर आवाज जातो, ती म्हणाली. तुम्हीच सांगता ना, दाबल्यावर गेला तर गिअरबॉक्स म्हणून. “मेकॅनिक कोण आहे?” सार्वोको म्हणाला. “मी की तुझा पक्ष्यांचा परीक्षक?” तिने त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, दुखावलेपण नव्हतं, कसलीतरी मोजदाद होती, आणि ती तिने आत ठेवली. “तुम्ही,” ती म्हणाली आणि जॅकचा दांडा आणून दिला.

दोष कुठलाही असो, गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, एवढी त्याच्या हट्टाला सोय होती. त्याने बोल्ट सोडवले, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा काढला, केबल काढली, आणि खोकं जॅकवर आणि छातीवर मिळून खाली घेतलं. कुस्तिनाने एक बाजू धरली. पूर्वी दोघं हे करताना बोलायचे, ती त्याला प्रवाशांचे किस्से सांगायची. आज ती बोलली नाही. दोन वाजून गेले होते, समोरच्या उतारावर तंबाखू वाळत घातलेल्या चटयांवरून तो उग्र गोड वास येत होता आणि त्या वासातसुद्धा सार्वोकोला पराकानचा थांबा दिसत होता. त्याने क्लचचं जुनं बेअरिंग काढून हातात फिरवलं. ठणठणीत होतं. अजून दोन वर्षं सहज गेलं असतं. मग कुस्तिना पाणी आणायला आत गेली तेव्हा त्याने गिअरबॉक्सच्या तोंडातून बाहेर आलेला दांडा दोन बोटांत धरला आणि हलकेच फिरवला. बोटांना कान लागत नाहीत. आतून खरखर आली, तांदळात खडा यावा तशी, प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी, आणि दांड्याला किंचित खेळ होता. लेगिमान बरोबर होता. पुढचा सूर, मधला, आणि ही शेवट पडण्याची जागा, ती इथे त्याच्या अंगठ्याखाली होती.

फळीवरच्या डब्यात तेलकट कागदात गुंडाळलेलं याच गाडीचं बेअरिंग होतं, एका मोडीत निघालेल्या व्हॅनमधून काढून ठेवलेलं. खोकं उघडायचं, दांडा काढायचा, ते ठोकून बसवायचं. दोन तासांचं काम. तो डब्याकडे बघत उभा राहिला. ते बसवलं तर उद्या सकाळी आवाज गेलेला असेल. थांब्यावर लेगिमान कान लावेल आणि म्हणेल, वा, मी म्हटलं नव्हतं? आणि ही हसेल. मघाशी हसली तशी. सार्वोकोला ते हसू सहन होण्यासारखं नव्हतं. बाकी सगळं तो गिळायला तयार होता, बाटिक शर्ट, पुढची सीट, मास. पण त्या दोघांनी मिळून ऐकलेली गोष्ट खरी ठरावी आणि त्याने, नवऱ्याने, ती फक्त दुरुस्त करावी, हे नाही. कुस्तिना पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा तो क्लचचं नवं बेअरिंग बसवत होता. डबा फळीवर तसाच होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दोष हाताला लागूनही सोडून दिला होता. नाही, पहिल्यांदा नाही, एकदा ती केबल होती. पण तेव्हाचं सोडणं वेगळ्या पोटातून आलं होतं.

दुपारनंतरच्या नमाजाची, अस्रची अजान झाली तेव्हा शेवटचा बोल्ट आवळून झाला होता. कुस्तिना ड्रायव्हरच्या जागेवर बसली, त्याने बाहेरूनच मान हलवली, तिने किल्ली फिरवली. गाडी थरथरली आणि लयीत आली. ती गिअर न्यूट्रलला ठेवून बसली होती, दोन्ही पाय पेडलांवरून बाजूला घेऊन, अगदी नियमाप्रमाणे. सार्वोको खिडकीशी आला. त्याला धडधड ऐकू येत होती, पत्र्याचा खडखडाट ऐकू येत होता, आणि वरची ती जागा गप्प होती, जशी दुपारीही होती. “आहे?” त्याने विचारलं. कुस्तिना ऐकत होती. खरंच ऐकत होती, मान किंचित कलती करून. मग तिने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या ग्रीस लागलेल्या हातांकडे, त्याच्या तोंडाकडे. “नाही,” ती म्हणाली. “गेला.”

हे त्याला हवं होतं. दुपारपासून हेच तर हवं होतं. पण तो आवाज जाऊच शकत नव्हता. तो आवाज आत्ता, इथे, त्या दोघांच्या मध्ये चालू होता. तिच्या कानांत शिरत होता आणि ती त्याच्या डोळ्यांत बघून सांगत होती की नाही. म्हणजे तिला माहीत होतं. किटलीपासून माहीत असेल, कदाचित रातकिड्यांपासून. उकळती किटली चुलीवर शिट्टी मारत राहायची आणि ही आतून येऊन काही न बोलता ती उतरवायची, ते त्याला आठवलं. तिच्या त्या मोठमोठ्या नकला, ते नारळ खवणं, ते सगळं तिने मुद्दाम जाड करून त्याच्यापर्यंत पोचवलेलं होतं. आठ दिवस हा आवाज तिला काही केल्या जाड करता येत नसेल, त्याची नक्कल सापडत नसेल, म्हणून तिने शेजारच्या माणसाला विचारलं असेल, तुम्हाला कसा ऐकू येतो हो? दुपारपासून पेटलेल्या आगीत पाणी पडावं तसं झालं. पण पाणी पडलं तरी धूर व्हायचाच, आणि तो लगेच झाला. कारण उद्या मंगळवार. उद्या लेगिमान पुढच्या सीटवर बसेल. थांब्यावर इंजिन चालू राहील आणि त्याला तो आवाज जसाच्या तसा ऐकू येईल. तो विचारेल, अजून केला नाही दुरुस्त? ही काय सांगेल? केला, पण त्यांना ऐकू येत नाही असं सांगेल? की काही न सांगता त्याच्याकडे नुसतं बघेल, आणि तो, जन्मभर कानांवर जगलेला शहाणा माणूस, समजून गप्प बसेल? त्या दोघांमध्ये नव्हतं ते आता होणार होतं. एक झाकलेली गोष्ट, नवऱ्यापासून जपलेली, दयेने जपलेली. आणि ती त्याने आज दुपारी स्वतःच्या हातांनी बारा बोल्ट आवळून त्यांना करून दिली होती.

“बंद कर,” तो म्हणाला. तिने किल्ली फिरवली. एकदम शांत झालं, तिच्यासाठी आणि त्याच्यासाठी सारखंच शांत. तो खिडकीच्या काठाला धरून उभा होता. “ते बेअरिंग मी बदललं नाही,” तो म्हणाला. “गिअरबॉक्सचंच होतं. हाताला लागलं होतं.” ती त्याच्याकडे वळली. “आणि मला ऐकू येत नाही, तिना. असले आवाज येत नाहीत. दोन वर्षं झाली.”

“मला माहीत आहे,” कुस्तिना म्हणाली. तिने स्टिअरिंगवरचा हात काढून त्याच्या हातावर ठेवला, ग्रीस तिच्या बोटांना लागलं. बदलू उद्या, ती म्हणाली, उद्याची फेरी नाही करत मी. मी वर बसून सांगेन, तुम्ही खालून करा. नेहमीसारखं. सार्वोकोने मान हलवली. त्याला बरं वाटत होतं, आणि इथे थांबलं असतं तर चाललं असतं. पण तोंडातून प्रश्न गेला होता, तो परत घेता येण्यासारखा नव्हता.

“लेगिमानला माहीत आहे?”

“नाही,” ती म्हणाली.

लगेच म्हणाली, त्याच्या डोळ्यांत बघून, हात त्याच्या हातावर तसाच ठेवून. तिचा तो खर्जातला, रुंद आवाज. त्यातलं एक अक्षर त्याच्या कानांतून कधी निसटलं नव्हतं. हाही शब्द त्याला स्वच्छ ऐकू आला, आणि तो मघाचाच होता, गाडी चालू असताना तिने म्हटलेला, त्याच उंचीचा, तितकाच मऊ.